आतून कडी लावणाऱ्या एस्तेरबाई

एस्तेरबाई आमच्या घरी पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांनी कशा आहात म्हणून विचारलं नाही, पाणी मागितलं नाही, की बसायला जागा शोधली नाही. उंबऱ्यात उभ्या राहून त्यांनी वास घेतला. एकदा घेतला, मान फिरवून पुन्हा घेतला आणि मला म्हणाल्या, "उदबत्ती कुणी लावली?"

मी लावली म्हटलं.

"ती इझवा. उदबत्तीनं वास जात न्हाई. दोन वास हुतात."

मला राग आला. मी तेव्हा सव्वीस वर्षांची, कोरेगावच्या शाळेत शिक्षिका. मला सांगायची सवय होती, ऐकून घ्यायची नव्हती. त्यातून स्वभाव मूळचा संशयी. दूधवाल्याने माप काठोकाठ भरलं तर आज ह्याचं आपल्याकडे काय काम निघालंय, असंच माझ्या मनात आधी येतं. तेव्हा सांगलीहून पॅसेंजरने येऊन, ओळख ना पाळख, आमची उदबत्ती विझवायला सांगणाऱ्या ह्या बाईचं आपल्याकडे काय काम आहे, हा प्रश्न पहिल्याच मिनिटाला माझ्या डोक्यात शिरला आणि पुढे कितीतरी महिने निघाला नाही.

काम तसं उघड होतं. माझ्या आईला छातीचा कॅन्सर होता. डाव्या बाजूची गाठ तिने दोन वर्षं पदराखाली झाकली. पुरुष डॉक्टरला दाखवायचं कसं ही एक लाज, आणि घरात आपल्यामुळे धावपळ नको ही दुसरी. आम्हाला कळलं तेव्हा जखम उघडी पडली होती. सांगलीच्या इस्पितळात विजेचे शेक झाले, गोळ्या झाल्या. मग डॉक्टरांनी वडिलांना, म्हणजे आबांना, बाजूला घेऊन सांगितलं की रोग हाडांत गेला आहे, आता बरं करण्यासारखं काही नाही, घरी न्या आणि सुखात ठेवा. सुखात ठेवायचं म्हणजे नेमकं काय करायचं, ते त्यांनी सांगितलं नाही. त्यासाठी एस्तेरबाईंना धाडलं.

त्या त्याच इस्पितळातल्या निवृत्त नर्स. विश्रामबागेत भाच्याकडे राहायच्या. असं घरी पाठवलेल्या बायकांचे पत्ते डॉक्टरांकडून घ्यायच्या आणि आठवडाभर त्या रेल्वेलाइनवरच्या गावांतून हिंडायच्या. आमचा वार गुरुवार. हे काम त्यांना कुणी नेमून दिलेलं नव्हतं आणि त्या कुणाकडून काही घेतही नव्हत्या. आमच्या चुलतीने पहिल्याच दिवशी माझ्या कानात सांगितलं, "फुकट कोण येतंय गं? किरिस्ताव हाय ती. बघ आपली ध्यान ठिवून." मी ध्यान ठेवायला तयारच बसले होते.

दिसायला त्या ठेंगण्या, काळ्यासावळ्या. बारीक काठाचं पांढरं पातळ, काखेत पुरुषी छत्री, हातात पत्र्याचा डबा. चष्म्याच्या दांडीला दोरा बांधलेला. मूळच्या माण तालुक्यातल्या, दहिवडीकडच्या. बोलणं शेवटपर्यंत तिकडचंच राहिलं. त्या स्वतःच सांगायच्या, "आमी माणातली माणसं. पानी हाय म्हणून कुणी सांगितलं तरी घागर वाकडी करून बघतो."

आणि खरोखरच त्या सगळ्यांच्या घागरी वाकड्या करून बघायच्या. मी संशयी, पण माझा संशय माणसं पाहून असतो. एस्तेरबाईंचा सरसकट. त्यातून डॉक्टरही सुटले नव्हते. "डाक्टर म्हणालं, या औषधानं आराम पडंल. कुणाला, ते न्हाई म्हणालं," असं त्या बाटली उन्हात धरून म्हणायच्या. घरच्या माणसांवर त्यांचा विश्वास नव्हताच, आणि रोग्यावर तर अजिबातच नव्हता. दुखतंय का, हा प्रश्न मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नाही. मी एकदा कारण विचारलं. "बाईमाणूस दुखण्यात खोटं बोलतं. इचारून काय उपेग?" म्हणाल्या.

त्या विचारायच्या ते भलतंच. आज कुठल्या कुशीवर निजला होता? वेणी कुणी घातली? पाण्याचा तांब्या कुठल्या बाजूला ठेवता? आई हसून काहीतरी उत्तर द्यायची. त्या ऐकल्यासारखं करून तिच्या चोळीची गाठ बघत बसायच्या. गाठ एका हाताने मारलेली आहे की दोन, हे त्यांना लांबून कळायचं. "डावा हात आज वर जाईना झालाय तुमचा," त्या म्हणायच्या, आणि आईचा चेहरा पकडल्यासारखा व्हायचा. मग त्यांनी मला खांद्यावर बंद असलेली चोळी शिवायला लावली, हात वर न नेता घालता येईल अशी. माप त्यांनीच घेतलं. मी घेतलेल्या मापावर त्यांचा भरवसा नव्हता.

आईची खाट मागच्या खोलीत होती, गोठ्याला लागून. आईनेच मागून घेतलं, असं आम्ही सांगायचो, आणि ते खोटं नव्हतं. पाहुणेरावळे येतात, वास येतो, मी आपली मागं बरी, असं ती म्हणाली होती आणि आम्ही लगेच खाट उचलली होती. चुलतीने तिचं ताट-तांब्याही वेगळा ठेवला होता. हा रोग लागत नाही हे मला पुस्तकातून ठाऊक होतं, तरी मी तो तांब्या परत मांडणीवर ठेवला नव्हता. एस्तेरबाई दुसऱ्या गुरुवारी त्याच तांब्यातून पाणी प्यायल्या, तोंड लावून, चुलतीच्या देखत. मला ते मुद्दाम केलेलं वाटलं. मुद्दामच केलं होतं. पण त्या संध्याकाळी तांब्या मांडणीवर गेला.

वासावरही त्यांनी इलाज केला. जखम उकळलेल्या मिठाच्या पाण्याने धुवायची, वर महाबळेश्वरचा मध, त्यावर जुन्या लुगड्याच्या उकळून वाळवलेल्या मऊ पट्ट्या आणि सगळ्यात वर कोळशाच्या भुकटीची पातळ पिशवी. खिडकी सताड उघडी. जखम धुणं गुरुवारी एस्तेरबाईंच्या हातचं, मधल्या दिवसांत वरची पिशवी आई एका हाताने स्वतःच बदलायची. मध जखमेवर लावतात हे मी ऐकलं नव्हतं, म्हणून बाटलीतला थोडा जिभेवर घेऊन पाहिला. मधच होता. महिनाभरात वास एवढा कमी झाला की आबा खाटेजवळ बसून चहा घ्यायला लागले. आधी ते दारातूनच बोलायचे. माणूस वाईट नव्हता, पण त्यांना तो वास सोसायचा नाही आणि आईला त्यांचं न सोसणं सोसायचं नाही.

मग बांगड्यांचं निघालं. आईचा डावा हात सुजत चालला होता आणि हिरव्या बांगड्या मनगटात रुतल्या होत्या. फोडायचं नाव काढलं की ती हात पदराखाली घ्यायची. नवरा जिवंत असताना हात ओका करायचा? दत्तू, माझा धाकटा भाऊ, लष्करात सरहद्दीवर. त्याच्या जिवावरही तिला काही ओढवून घ्यायचं नव्हतं. मला वाटलं, आता एस्तेरबाई अंधश्रद्धेवर बोलणार. त्या एक शब्द बोलल्या नाहीत. पुढच्या गुरुवारी येताना बाजारातून कासारणीला घेऊन आल्या. कासारणीने साबणाचं पाणी लावून, हात उंच धरून, बोटांकडून मऊ चोळत चोळत अर्ध्या तासात पाचही बांगड्या अख्ख्या काढल्या आणि लगोलग दुसऱ्या चढवल्या, मोठ्या मापाच्या. हे माप आपण कुस्तीच्या फडात विकतो, असं ती म्हणाली तेव्हा आई हसली. पोट धरून हसली. मी ते हसणं विसरून गेले होते.

इतकं सगळं पाहूनही माझा संशय गेला नाही, कारण तो कडीवर अडकला होता. पट्टी बदलायची वेळ झाली की एस्तेरबाई सगळ्यांना बाहेर काढायच्या आणि आतून कडी लावायच्या. पट्टीला फार तर वीस मिनिटं लागायला हवीत. ह्यांना तास लागायचा. कधी त्याहून जास्त. आतून बोलण्याचा आवाज यायचा, पण शब्द कळायचे नाहीत. बाहेर आल्या की त्या डबा बंद करून सरळ स्टेशनची वाट धरायच्या, आणि आई भिंतीला टेकून शांत बसलेली असायची. इतकी शांत ती माझ्याजवळ कधी नसायची.

ह्याच सुमाराला गोळ्यांचं घडलं. दुखण्यावर दिवसातून तीनदा एकेक गोळी द्यायची होती. एका गुरुवारी एस्तेरबाईंनी गोळ्यांची बाटली हलवून पाहिली, आईच्या कपाळावरच्या आठ्या पाहिल्या आणि मला मागच्या अंगणात नेलं.

"शालनबाई, तुमी आर्धीच गोळी देताय."

मी नाही म्हणायला तोंड उघडलं, पण त्या बघत होत्या तिथे खोटं टिकत नव्हतं. देत होते अर्धी. हे अफूचं औषध, ह्याची सवय लागते, असं मी कुठेतरी वाचलं होतं. आईला व्यसन लागेल अशी मला भीती वाटत होती. तसं मी त्यांना सांगितलं, जरा ठसक्यातच.

"सवय लागंल म्हणता," एस्तेरबाई म्हणाल्या. "लागू द्या की. कवापतूर लागणार हाय?"

त्या आवाज चढवून बोलल्या नाहीत. पण आई जाणार आहे हे आमच्या घरात तोवर कुणी कुणाला म्हटलं नव्हतं, ते त्यांनी त्या प्रश्नात म्हणून टाकलं. मी त्या दिवसापासून अख्खी गोळी द्यायला लागले. आणि त्या दिवसापासून मला त्यांचा जास्तच राग येऊ लागला. माझी चूक होती आणि ती त्यांना ठाऊक होती, म्हणून.

दत्तूला आम्ही काही कळवलं नव्हतं. आबांचा तसा हुकूमच होता. पोरगं बंदूक घेऊन उभं आहे, त्याच्या डोक्याला घोर नको. पत्रं मी लिहायची. आईला लिहिता येत नव्हतं. ती खाटेवरून सांगायची, "लिही, मी बरी हाय, जरा हात दुखतोय," आणि मी "जरा हात दुखतो" सुद्धा गाळून टाकायची. मग वाचून दाखवताना मात्र ते घालून वाचायची. अशी दहाबारा पत्रं मी लिहिली. त्यात मला पाप वाटलं नाही, उलट आपण सगळं घर सांभाळतोय असंच वाटत होतं.

एका गुरुवारी मी न राहवून दाराला कान लावला. एस्तेरबाई एका सुरात काहीतरी म्हणत होत्या, शाळेत मुलं पाठ म्हणतात तसं. "माफ कर" एवढं मला स्पष्ट ऐकू आलं. मग आईचा आवाज आला, "पुन्यांदा म्हणा." त्यांनी पुन्हा म्हटलं. चुलती म्हणत होती ते खरं निघालं, ही बाई माझ्या मरायला टेकलेल्या आईकडून प्रार्थना पाठ करून घेतेय, अशी माझी खात्री पटली. मी ते आबांना सांगितलं. आबा म्हणाले, "बाईस्नी सांग, येऊ नगा म्हणावं."

सांगितलं मीच, पुढच्या गुरुवारी, उंबऱ्यात उभी राहून, त्यांना आत न घेता. त्यांनी कारण विचारलं नाही. डब्यातून मधाची बाटली आणि पट्ट्या काढून माझ्या हातात दिल्या. "दर गुरवारी धुवून पट्टी बदला. बाटली पान्यात ठिवा, मुंग्या लागत्यात," म्हणाल्या आणि छत्री उघडून निघून गेल्या.

पट्टी बदलायला मी गेले तर आईने पदर घट्ट धरला. "तू नगं बघू," म्हणाली. मी विनवलं, रागावले, पण तिने जखम दाखवली नाही. एका हाताने स्वतःच काहीतरी करत राहिली. दोन आठवड्यांत वास परत आला, आबा परत दारातून बोलू लागले. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी माझ्या लक्षात आलं की मी मागच्या खोलीत दोन उदबत्त्या लावल्या आहेत. त्याच दिवशी आई आबांना म्हणाली, "त्या बाईला बोलवा. न्हाईतर मला कुठंतरी न्हेऊन टाका." आबांनी माझ्याकडे पाहिलं.

मी सांगलीला गेले. विश्रामबागेतल्या त्या घराच्या पुढच्या अंगणात एस्तेरबाई स्टोव्हवर पट्ट्या उकळत बसल्या होत्या. शेजारी पाचसहा मधाच्या बाटल्या. मी म्हटलं, आई बोलावतेय.

"आई बोलवती, का तुमी?"

मी म्हटलं, मीसुद्धा.

"येते. पर कडी आतनंच लागंल. आन दाराशी उभं ऱ्हायाचं न्हाई. दाराखालनं तुमचं पाय दिसत्यात मला."

त्या गुरुवारी कडी लागली तेव्हा मी मुकाट्याने पुढच्या दारी जाऊन बसले. संशय गेला होता असं नाही. पण आईच्या खोलीतल्या वासापेक्षा तो परवडला.

त्यानंतर महिन्याभराने दत्तू आला. कळवलं नव्हतं, सणवार नव्हता, सुट्टीची पाळीही नव्हती. ट्रंक ओसरीवर टाकून तो सरळ मागच्या खोलीत गेला. मी धावत मागे गेले, कारण आईला त्या अवस्थेत पाहून तो कोसळेल अशी माझी समजूत होती. तो कोसळला नाही. दचकलाही नाही. त्याने बिछान्याच्या वळकटीतून एक छोटी मऊ उशी काढली आणि आईचा सुजलेला डावा हात उचलून तिच्यावर ठेवला. मी दारातच थांबले. कुठला हात, हे ह्याला कुणी सांगितलं? उशी लागेल हे कुणी सांगितलं? मी तर दुखतो एवढंसुद्धा लिहिलं नव्हतं.

विचारलं तर त्याने मानेनेच नाही म्हटलं आणि आईकडे पाहिलं. आईने डोळे मिटून घेतले होते, पण ती जागी होती.

तो आल्यावर आई एकोणीस दिवस होती. खाट त्याने पुढच्या खोलीत आणली. आई माणसांत जेवली, जेवढं जाईल तेवढं. गुरुवारी एस्तेरबाई आल्या, कडी लागली, तेव्हा दत्तू आत होता. मी बाहेर. विसाव्या दिवशी दुपारी, आबा उशाला आणि दत्तू पायथ्याशी बसलेला असताना, आई गेली. मी त्या वेळी शाळेतून घराकडे येत होते.

दिवसकार्य आटोपून दत्तू निघाला तेव्हा त्याने मला ट्रंकेतून पाच पत्रं काढून दिली. "आई म्हणाली व्हती, माझ्यामागं अक्काला दे." अक्षर अनोळखी होतं, गोल आणि ठाशीव, औषधाच्या बाटलीवर असतं तसं. भाषा मात्र आईची, तिच्या तोंडातून निघाली तशीच्या तशी उतरवलेली. पहिलंच पत्र असं होतं:

"दत्तूला आशिर्वाद. शालन लिवती त्ये खरं मानू नगंस. माजं दुखणं बरं हुनारं न्हाई, मला ठावं हाय. तिलाबी ठावं हाय. मी बरी हाय म्हनती, ती बरी हाय म्हनून लिवती, त्यावर आमी दोगी उभ्या हाय. तिला ह्यातलं कळू दिऊ नगं, ती मोडंल. डावा हात लय सुजलाय, हाताच्या उशाला मऊ कायतरी आन. सायबाला ह्ये पत्र दाखव आन रजा माग. मला शुद्धीवर असताना तुला बगायचं हाय. चुकलंमाकलं माफ कर."

मी ते खाटेच्या रिकाम्या जागेशी बसून वाचलं. ज्याला मी प्रार्थना समजले ते हेच होतं, आईला तिचंच पत्र वाचून दाखवणं. त्याच्यासाठी मी त्या बाईला उंबऱ्यातून परत पाठवलं होतं, आणि त्यापायी आईचे तीन आठवडे गेले होते. मी संशय घेतला तो परक्या बाईवर. खोटी पत्रं तर मी लिहीत होते.

पुढच्या गुरुवारी एस्तेरबाई आल्या. मधाची उरलेली बाटली आणि पट्ट्या न्यायला. रहिमतपूरच्या एका बाईला लागणार होत्या. मी सगळं बांधून ठेवलं होतं. पत्रं तुम्ही लिहिलीत, असं मी म्हणाले. माफी मागायची होती, ती तशी बाहेर पडली.

"मी न्हाई. तुमच्या आयनं लिवली. माझा नुसता हात."

त्यांनी बाटली डब्यात ठेवली. मग मान वर करून माझ्याकडे पाहिलं, आईच्या चोळीच्या गाठीकडे बघायच्या तसं. आई गेल्यापासून मी रडले नव्हते. आबांचं बघायचं होतं, पाहुण्यांचं बघायचं होतं, शाळा होती. कुणी विचारलं तर मी बरी आहे म्हणत होते, आणि सगळ्यांचा विश्वास बसत होता.

एस्तेरबाई मागच्या खोलीत गेल्या आणि मला आत बोलावलं. "कडी लावा," म्हणाल्या.

ती कडी मी आतून पहिल्यांदाच लावली. त्यांनी मला पोलकं काढायला लावलं आणि दोन्ही बाजू बोटांनी तपासल्या, सावकाश, काखेपर्यंत. दर महिन्याला असंच बघायचं, लाजायचं नाही, आणि काही लागलं तर दोन दिवससुद्धा थांबायचं नाही, असं दोनदा बजावून माझ्याकडून म्हणवून घेतलं. काही नव्हतं. मी पोलक्याची बटणं लावत होते, पण ती लागत नव्हती. त्यांनी माझे हात खाली घेतले आणि स्वतः लावायला लागल्या.

शेवटचं बटण लावताना, माझ्याकडे न बघता, त्यांनी जे कधी कुणाला विचारलेलं मी ऐकलं नव्हतं ते मला विचारलं.

"शालनबाई, दुखतंय का?"

"लय," मी म्हणाले. शाळेत मुलांना जो शब्द मी खोडून द्यायची, तोच तोंडातून आला. मग मला रडू आलं.

दुपारची त्यांची पॅसेंजर शिटी देऊन गेली ती आम्हाला आतून ऐकू आली. पुढची गाडी संध्याकाळची होती. तोवर त्या मांडीवर डबा घेऊन माझ्याजवळ जमिनीवर बसून राहिल्या. मध्ये दोनदा चुलतीने दार वाजवलं. एस्तेरबाईंनी दाराखाली दिसणाऱ्या तिच्या पायांकडे बघितलं आणि कडी काढू दिली नाही.